एकशे साठ की एकशे सात : स्वरयंत्र गमावलेल्या एका आडत्याच्या वाचा-पुनर्वसनाचा अभ्यास

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील कांदा-बटाटा विभागात ज्यांचे उभे आयुष्य लिलाव पुकारण्यात गेले, अशा एका गृहस्थांचे स्वरयंत्र कर्करोगामुळे पूर्णपणे काढावे लागले. त्यानंतर त्यांचे बोलणे कोणत्या मार्गाने आणि कितपत परत आले, तसेच ध्वनिशास्त्राच्या एका महिला अभ्यासकाचा त्यात काय वाटा होता, याची ही नोंद आहे. ती अभ्यासक माझी आई आहे. हे नाते वाचकाला आधीच माहीत असावे, कारण तिच्याविषयीचा आदर या लिखाणात जागोजागी दिसेल आणि तो झाकण्याचा प्रयत्न मी केलेला नाही. मी स्वतः संख्याशास्त्र शिकवते आणि या प्रकरणात श्रवण-चाचण्यांची मांडणी व उत्तरांची मोजणी एवढेच काम माझ्याकडे होते. संबंधित गृहस्थांनी लिहिण्यास संमती दिली असून त्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. यार्डात त्यांना सगळे 'शेठ' म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले आहे.

पार्श्वभूमी

शेठ ५८ वर्षांचे आहेत. तरुणपणापासून त्यांना विड्यांची सवय होती. आवाज घोगरा झाला तेव्हा घरात कोणी फारसे मनावर घेतले नाही, कारण पुकारणाऱ्याचा आवाज बसतो आणि कांद्याच्या फोलपटांची धूळ घशात जाते, हे यार्डात नेहमीचेच आहे. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून घसा दुर्बिणीने तपासून घ्यावा, हा साधा नियम आहे. शेठ तपासणीला गेले तेव्हा बरेच महिने उलटले होते आणि गाठ स्वरयंत्राच्या कूर्चेत शिरली होती. या टप्प्यावर संपूर्ण स्वरयंत्र काढणे हाच बहुधा सर्वांत भरवशाचा उपाय मानला जातो. शस्त्रक्रिया झाली, पाठोपाठ किरणोपचारही झाले.

या शस्त्रक्रियेत श्वासनलिकेचे वरचे टोक मानेच्या पुढच्या बाजूस केलेल्या कायमच्या छिद्राला जोडले जाते. श्वास त्या छिद्रातूनच आत जातो आणि बाहेर येतो. नाक आणि तोंड यांचा श्वासाशी संबंध उरत नाही. आवाज जातो हे सर्वांना समजते, पण त्याबरोबर आणखी काय काय जाते याची कुटुंबाला सहसा कल्पना नसते. फुंकर मारता येत नाही, चहा भुरकता येत नाही, आणि पोते उचलताना श्वास कोंडून जोर लावता येत नाही, कारण छातीत श्वास कोंडून धरण्याचे काम स्वरयंत्रातील स्वरपट्ट करतात. नाकातून हवा वाहत नसल्यामुळे वासही येईनासा होतो. शेठना आवाजाइतकेच याचेही दुःख होते. बाहेरून टणक दिसणाऱ्या कांद्याच्या पोत्यात मध्ये कुठे सड लागली आहे, हे ते पोत्याजवळ नुसते उभे राहून सांगत असत, आणि ते कसब एका दिवसात गेले.

पहिली संपूर्ण स्वरयंत्र-शस्त्रक्रिया व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी ३१ डिसेंबर १८७३ रोजी केली. त्या रुग्णासाठी त्यांचे सहकारी कार्ल गुसेनबाउअर यांनी कृत्रिम स्वरयंत्र तयार केले आणि त्याची माहिती पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केली. आई प्रत्येक कुटुंबाला हा इतिहास आवर्जून सांगते. स्वरयंत्र काढणाऱ्यांनी पहिल्या रुग्णापासूनच बोलण्याचीही सोय पाहिली होती, हे कळले की समोरची माणसे थोडी सैलावतात, असा तिचा अनुभव आहे.

कुटुंबाला कळते, परक्याला कळत नाही

शेठना सुरुवातीला मानेवर टेकवण्याचे, विजेरीवर चालणारे कंपनयंत्र देण्यात आले. हे यंत्र एकसारखा गुणगुणाट निर्माण करते, तो मानेच्या त्वचेतून घशात पोचतो आणि जीभ, ओठ व टाळू त्याला शब्दांचा आकार देतात. किरणोपचारांनंतर त्वचा कडक झालेली असली तर ध्वनी नीट आत शिरत नाही, म्हणून योग्य जागा शोधण्यातच काही आठवडे गेले. जागा सापडली आणि शेठ घरात बोलू लागले. मुलाने उत्साहाने आईला दूरध्वनी केला, "मॅडम, बाबांचं सगळं कळतंय आता."

आईने त्यांना भेटायला बोलावले आणि शेठचे बोलणे ऐकून घेतल्यावर मुलाला शांतपणे सांगितले, "तुम्हाला कळतं, कारण ते काय म्हणणार याचा तुम्हाला आधीच अंदाज असतो. गाळ्यावर उद्या नवा खरेदीदार आला, तर त्याला कळेल का, ते बघू या." हे त्याच दिवशी सांगायला हवे होते का, याविषयी माझे मत वेगळे आहे. घरच्यांना तो आनंद आठवडाभर उपभोगू दिला असता तर शास्त्राचे काही बिघडले नसते. तिच्या म्हणण्यातील तथ्य मात्र नाकारता येत नाही. पुनर्वसनाच्या कामात घरच्यांची पावती सर्वांत लवकर मिळते आणि तिच्यावर विसंबणे सर्वांत धोक्याचे असते.

अडचण नेमकी कोठे होती, हे मराठीच्या ध्वनिरचनेवरून समजते. 'क' आणि 'ग' उच्चारताना जीभ एकाच जागी टेकते. फरक एवढाच की 'क'च्या वेळी स्वरपट्टांचे कंपन थांबलेले असते आणि 'ग'च्या वेळी ते चालू असते. यंत्राचा गुणगुणाट मात्र मधल्या मध्ये थांबत नाही, त्यामुळे 'क'चा 'ग' होतो, 'त'चा 'द' आणि 'प'चा 'ब'. दुसरी गोष्ट महाप्राणाची. 'ख', 'घ', 'थ', 'ध' यांना फुप्फुसातून येणारा हवेचा झोत लागतो, आणि ती हवा आता मानेच्या छिद्रातून परस्पर निघून जाते. 'ह' जवळजवळ नाहीसा होतो, 'स' आणि 'श' क्षीण होतात. इंग्रजीसाठी तयार झालेल्या शब्दयाद्या येथे पुरत नाहीत, कारण मराठीत एकाच जागेवरून चार वेगळी व्यंजने निघतात आणि चारही अर्थ बदलतात. आईने वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्यांमध्ये अशी चौकडी पाहायला मिळते : कडी, खडी, गडी, घडी, ताट, थाट, दाट, धाट, पार, फार, बार, भार. तिच्या शास्त्रीय कामातील मोठा भाग अशा याद्या तपासून पक्क्या करण्याचा आहे. दिसायला हे काम किरकोळ वाटते. एखाद्या नव्या उपकरणाइतका गाजावाजा त्याचा होणार नाही. पण कोणते उपकरण मराठी माणसाला उपयोगी पडले हे ठरवायचे तर मापायचे कशाने, या प्रश्नाचे उत्तर त्या याद्यांमध्ये आहे, आणि मला तिचे जे कौतुक वाटते त्याचे मूळ येथे आहे.

चाचणीसाठी शेठना कधीही न भेटलेले महाविद्यालयीन विद्यार्थी श्रोते म्हणून घेतले. शब्दांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला आणि प्रत्येक शब्दासाठी चार पर्याय दिले. जीभ कोठे टेकली, म्हणजे शब्द 'क' गटातला की 'त' गटातला, हे श्रोत्यांना बहुतेक वेळा ओळखता आले. गटातील चारांपैकी नेमका कोणता, हे ओळखण्यात मात्र त्यांची उत्तरे अंदाजपंचे दिलेल्या उत्तरांपेक्षा फारशी सरस नव्हती.

आकड्यांचा प्रश्न

यानंतर आईने जे केले ते तिच्या स्वभावाला धरून होते. तिने तसेच एक यंत्र स्वतःच्या मानेवर टेकवले आणि श्वास रोखून, त्या आवाजात कोथरूडमधील एका अनोळखी किराणा दुकानात जिन्नस मागितले. पोहे 'बोहे' झाले, तूरडाळ 'दूरडाळ' झाली, तरी दुकानदाराने सगळे बरोबर दिले. घरी येऊन तिने वहीत लिहिले की शब्दांना संदर्भ सावरून घेतो, तेव्हा शेठची खरी परीक्षा आकड्यांवर घ्यायला हवी.

पुणे यार्डात कांद्याचा भाव दहा किलोला बोलला जातो. एकशे साठ, एकशे सात आणि एकशे आठ हे तिन्ही भाव बोलीत येऊ शकतात, त्यामुळे संदर्भ येथे काहीच मदत करत नाही. यंत्राच्या आवाजात 'साठ'मधला 'स' विरला की 'आठ' ऐकू येते, आणि शेवटच्या 'ठ'चा महाप्राण गेला की 'साठ' व 'सात' यांतील अंतर अगदी थोडे उरते. आकड्यांची वेगळी चाचणी घेतल्यावर नेमके हेच गोंधळ वर आले. शेठनी उत्तरपत्रिका पाहिल्या, मान हलवली आणि मोबाइलवर टाइप करून दाखवले की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, चुकली तर गाळ्याचे नाव जाते.

रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याच्या जुन्या पद्धतीकडे परत जाऊ, असेही त्यांनी गमतीने सुचवले. बाजार समितीच्या उघड लिलावात अर्थातच तिला जागा नाही. भाव सर्वांना ऐकू जावा, म्हणून तर उघड लिलाव आणला गेला. येथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. पहिल्याच भेटीत आईने शेठना 'तुम्हाला काय हवे' असे विचारले होते आणि उत्तरादाखल त्यांनी 'जुना आवाज' असे लिहिले नव्हते. 'भाव पुकारता आला पाहिजे' एवढेच लिहिले होते. पुढचे सर्व निर्णय त्या एका ओळीवर घासून पाहिले गेले.

पर्यायांचा विचार

अन्ननलिकेतून बोलणे हा सर्वांत जुना आणि बिनखर्चाचा मार्ग आहे. तोंडातील हवा अन्ननलिकेच्या वरच्या भागात ढकलायची आणि ती परत सोडताना घशाच्या तळाशी असलेल्या स्नायूंच्या पट्ट्याला कंप पावू द्यायचे. त्यात कोणतेही उपकरण लागत नाही, हात मोकळे राहतात. पण तेथे मावणारी हवा सुमारे ८० मिलिलिटर एवढीच असते. फुप्फुसांत ती काही लिटर असते. त्यामुळे एका दमात काहीच अक्षरे बोलता येतात, आवाज लहान राहतो आणि शिकायला महिनोन्महिने लागतात. लिलावासाठी हा मार्ग अपुरा होता.

कंपनयंत्र आणि अन्ननलिका यांनंतरचा तिसरा मार्ग अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे मार्क सिंगर आणि एरिक ब्लोम यांनी १९८०च्या सुमारास रूढ केला. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांमधील भिंतीत लहानसे छिद्र पाडून त्यात सिलिकॉनची एकमार्गी झडप बसवतात. बोलताना मानेवरील छिद्र बोटाने झाकले की फुप्फुसातील हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते आणि तोच स्नायूंचा पट्टा कंप पावतो. अन्न-पाणी मात्र उलट दिशेने श्वासनलिकेत येत नाही. हवेचा साठा फुप्फुसांचा असल्यामुळे वाक्ये लांब होतात आणि आवाज मोठा काढता येतो. झडप मात्र कायमची नसते. तिच्यावर कँडिडा जातीच्या बुरशीचा थर साचतो, मग ती नीट मिटत नाही, पाणी गळते, ठसका लागतो आणि काही महिन्यांनी ती बदलावी लागते. आयात केलेल्या झडपेची किंमत हजारो रुपयांत जाते आणि तो खर्च पुन्हा पुन्हा येतो. बेंगळुरूचे शल्यचिकित्सक डॉ. विशाल राव यांनी विकसित केलेली 'ऑम' ही झडप अवघ्या सुमारे ५० रुपयांची असल्यामुळे तिची देशभर चर्चा झाली, ती याच पार्श्वभूमीवर.

शल्यचिकित्सक आणि वाचा-उपचारतज्ज्ञ या दोघांचाही कल झडपेकडे होता. आईने दोन शंका उपस्थित केल्या. यार्डातील धूळ मानेच्या छिद्रातून थेट फुप्फुसांत जाईल, म्हणून छिद्रावर उष्णता व ओलावा राखणारी छोटी गाळणी सदैव लावण्याची शेठची तयारी आहे का, ही पहिली. नेहमीच्या बोलण्यात स्वरपट्टांखालील हवेचा दाब साधारण ५ ते १० सेंटिमीटर पाण्याइतका असतो आणि झडपेने बोलताना तो कितीतरी अधिक लागतो, तेव्हा तासन्‌तास पुकारणे त्यांना झेपेल का, ही दुसरी. पहिलीचे उत्तर शेठनी लगेच होकारार्थी दिले. दुसरीचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

याच सुमारास मुलाने वेगळाच प्रस्ताव आणला. शेठच्या जुन्या व्हॉट्सअॅप संदेशांमधून त्यांचा मूळ आवाज संगणकाला शिकवता येतो आणि टाइप केलेला मजकूर त्या आवाजात बोलून घेता येतो, हे त्याने वाचले होते. ते खरेच शक्य आहे, आणि आईने ते शक्य असल्याचे सांगितले. पण लिलावात एक वक्कल, म्हणजे विक्रीला मांडलेला मालाचा एक गट, काही क्षणांत तुटते. तेवढ्यात टाइप करून बोलणे जमत नाही. शिवाय जुने संदेश मोजके आणि बाजाराच्या गलक्यात ध्वनिमुद्रित केलेले होते. शस्त्रक्रियेची तारीख ठरते तेव्हाच शांत खोलीत तासाभराचे वाचन ध्वनिमुद्रित करून ठेवले, तर अशा कामाला भक्कम आधार मिळतो. ज्यांच्या घरात हा प्रसंग येऊ घातला आहे त्यांनी डॉक्टरांकडे हा विषय स्वतःहून काढावा. मुलाचा हिरमोड झाला आणि त्या दिवशी मलाही आईचा थोडा राग आला. शेठनी मात्र टाइप केले, 'मॅडम बरोबर आहेत. गिऱ्हाइकाला मी बोलतोय असं वाटलं पाहिजे.'

झडप बसल्यानंतर

झडप बसवल्यावर पहिला आवाज आला तो खोल आणि खरखरीत होता. शेठच्या पत्नी क्षणभर दचकल्या, मग हसल्या. सरावाला सुरुवात झाली तेव्हा आईने वाचा-उपचारतज्ज्ञांना एकच गोष्ट सुचवली. नव्या कंपनस्थानाला स्वरपट्टांसारखे झटकन थांबता येत नाही, त्यामुळे 'क' आणि 'ग' यांतील फरक कंपनाने दाखवण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नव्हता. नेहमीच्या बोलण्यातही 'क'च्या वेळी जीभ टाळूला 'ग'पेक्षा थोडा अधिक काळ टेकलेली असते. तो काळ मुद्दाम वाढवला तर ऐकणाऱ्याचा कान 'क'कडे झुकतो. शेठ दररोज संगणकासमोर बसून प्राट या ध्वनी तपासण्याच्या मोफत प्रणालीतील आलेखावर त्या काळाची रिकामी जागा पाहत आणि 'कडी-गडी' म्हणत ती लांबवत. अॅम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेली ही प्रणाली आईच्या संगणकावर बहुधा सर्वांत जास्त उघडी असते. पट्टी लिहिणाऱ्या माणसाला आलेख समजायला वेळ लागत नाही, असे शेठचे म्हणणे होते.

वासाचा प्रश्न याच काळात हाताळला गेला. ओठ मिटून जांभई दिल्यासारखा जबडा आणि जिभेचा मागचा भाग खाली ओढला की तोंडात पोकळी तयार होऊन नाकातून हवा आत खेचली जाते आणि थोडा वास येतो. नेदरलँड्समधील पुनर्वसनतज्ज्ञांनी शिकवायला सुरुवात केलेली ही युक्ती आई ज्या तज्ज्ञांबरोबर काम करते त्यांना ठाऊक होती. शेठनी ती गाळ्यावर बसून इतकी केली की हमालांना त्यांना झोप येते आहे असे वाटू लागले. पोत्याची सड पूर्वीसारखी दुरून कळत नाही, पण पोते उघडून तोंडाशी धरले तर कळते.

दुसऱ्या श्रवण-चाचणीत श्रोते पुन्हा नवे आणि क्रम पुन्हा चिठ्ठ्यांनी ठरवलेला होता. 'क-ग', 'त-द', 'प-ब' या जोड्यांत ठळक सुधारणा दिसली. महाप्राणांपैकी 'ख' आणि 'थ' बरेचसे ओळखले गेले, कारण आता फुप्फुसांची हवा तोंडातून जात होती. 'घ', 'ध' आणि 'भ' मात्र अजूनही 'ग', 'द' आणि 'ब' म्हणून ऐकले जात होते. शेठना निकाल सांगताना आईने सुधारलेल्या जोड्यांआधी न सुधारलेल्या जोड्या सांगितल्या. असे का, हे मी तिला नंतर विचारले. तिचे उत्तर असे की पुढचे काम कोणते आहे हे माणसाला ताजेपणी कळावे.

आकड्यांसाठी निराळी तोड निघाली. भाव आधी नेहमीच्या पद्धतीने पुकारायचा आणि लगेच त्याचे अंक सुटे म्हणायचे : 'एकशे साठ, एक-सहा-शून्य'. जेथे मराठीत दुसरा शब्द उपलब्ध आहे तेथे तो वापरायचा, जसे 'एकशे पन्नास'ऐवजी 'दीडशे'. चाचणीत या दोन्ही उपायांनी गोंधळ जवळजवळ संपला. मग कमरेला बांधायचा छोटा ध्वनिवर्धक घेतला, जसा शाळेतील शिक्षक वापरतात, आणि शेठ एका सकाळी गाळ्यावर उभे राहिले.

दाबाविषयीची शंका खरी ठरली. तासाभराच्या आत शेठ थकले. त्यामुळे कामाची वाटणी करावी लागली : वक्कल फोडणे आणि बोली चढवत नेणे मुलाकडे, अखेरचा भाव जाहीर करणे आणि शेतकऱ्याशी बोलणे शेठकडे. आईने हे पुनर्वसनाचे यश म्हणून नोंदवले, पण नोंदीत 'अंशतः' हा शब्द ठेवला. तो काढावा असे मुलाने दोनदा सुचवले आणि दोन्ही वेळा तिने नकार दिला. तिच्या पन्नासएक वह्यांमध्ये असे अनेक 'अंशतः' आहेत. पुढचा रुग्ण समोर बसला की ती त्या नोंदी काढते आणि काय जमेल, काय जमणार नाही हे त्याला सांगू शकते. माझ्या दृष्टीने तिच्या विद्वत्तेचा खरा उपयोग त्या क्षणी होतो.

आतापर्यंत झडप एकदा बदलावी लागली आहे. बुरशीमुळे पाणी गळू लागले होते. झडप रोज ब्रशने साफ करण्याचे वेळापत्रक शेठच्या पत्नींनी हिशोबाच्या वहीतच घातले आहे. दूरध्वनीवरील बोलणे अजून बाकी आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागातील शेतकरी संध्याकाळी भाव विचारायला फोन करतात, आणि साध्या दूरध्वनी वाहिनीवर ३०० हर्ट्झच्या खालचा ध्वनी कापला जात असल्यामुळे शेठच्या खोल आवाजाचा पायाच पलीकडे पोचत नाही. सध्या ते भाव अंकांत लिहून पाठवतात. फोनवरून मुद्रित केलेल्या शंभर ते दोनशेपर्यंतच्या भावांची चाचणी पुढच्या महिन्यात घ्यायची असून तिचे श्रोते या वेळी विद्यार्थी नसतील. ज्यांना तो भाव ऐकायचा आहे ते शेतकरीच असावेत, असे आईने ठरवले आहे आणि त्यांची निवड करण्याचे काम माझ्याकडे आले आहे.